पेजफाइल: विंडोजवर सोडायची, आकडा ठरवून द्यायचा की बंद करायची?

८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर क्रोम, एक्सेल आणि टॅली एकदम उघडं असलं की मशीन अडखळतं आणि व्हर्च्युअल मेमरीचा विषय निघतो. विंडोज १० आणि ११ मध्ये यासाठी सी ड्राइव्हवर एक लपवलेली पेजफाइल असते, म्हणजे रॅम कमी पडली की मेमरीसारखी वापरायची डिस्कवरची जागा. तिच्याबाबत तीन पर्याय आहेत.

बंद करणं आधी बाजूला ठेवू. ‘एसएसडी झिजते’ म्हणून अनेकजण हा सल्ला देतात. पण विंडोज ७ च्या काळात मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं होतं, की पेजफाइलमध्ये एका रायटमागे सुमारे ४० रीड होतात. एसएसडी झिजते ती रायटनं, म्हणजे लिहिण्यानं, म्हणून झिजेची धास्ती नको. खरी अडचण वेगळीच आहे: प्रोग्रॅम वापरतात त्याहून जास्त मेमरी आधीच राखून ठेवतात. या राखीव मेमरीची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. फाइलच नसेल तर रॅम मोकळी दिसत असतानाही ‘आउट ऑफ मेमरी’ येतं आणि सेव्ह न केलेलं काम जातं. माझ्या मते हा पर्याय कुणीच घेऊ नये.

‘सिस्टिम मॅनेज्ड’मध्ये, म्हणजे आकार विंडोजवर सोडला की, फाइल गरजेप्रमाणे वाढते. सी ड्राइव्हवर पुरेशी जागा असेल तर हेच ठेवा.

सी ड्राइव्ह १२८ जीबीचा आणि जवळपास भरलेला असेल, तर मात्र स्वतः आकडा देण्यात अर्थ आहे. जुनी हार्ड डिस्क असेल तरीही, कारण सतत लहानमोठी होणारी फाइल तिथे तुकड्यांत विखुरते. ‘रॅमच्या दीडपट’ हा जुना नियम विसरा. त्यानं ३२ जीबी रॅमला ४८ जीबीची फाइल होते. त्याऐवजी तुमची सगळ्यात जड कामं एकदम उघडा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी इथे ‘कमिटेड’ बघा. तिथला पहिला आकडा राखून ठेवलेल्या मेमरीचा, दुसरा तिच्या मर्यादेचा. पहिला ११ जीबी असेल तर रॅमचे ८ वजा करून ३ उरतात. म्हणून ‘इनिशियल’ ३०७२ एमबी आणि ‘मॅक्सिमम’ त्याच्या दुप्पट, ६१४४. हार्ड डिस्कवर दोन्हीकडे ६१४४ च टाका.

जागा वाचवायला एसएसडीवरची फाइल डी ड्राइव्हच्या हार्ड डिस्कवर हलवू नका. मशीन आणखी रेंगाळेल. आणि ‘कमिटेड’मधला दुसरा आकडा रोजच पहिल्याच्या जेमतेम पुढे राहत असेल, तर पैसे रॅमवरच घाला.

व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये आकडे भरल्यावर ‘सेट’ दाबा, मगच ‘ओके’. नाहीतर बदल लागत नाही.