जिताडा: शेततळ्यात टाकायचा की समुद्रातल्या पिंजऱ्यात पैसे घालायचे?

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षासाठी खोदलेली शेततळी आहेतच, त्यात जिताडा मासा सोडायचा का कोकणात समुद्रात जाळ्याच्या पिंजऱ्यात मासे वाढवणाऱ्या कुणाशी भागीदारी करायची असं बरेच जण विचारतात, आणि हिशोब सगळा भाव नि खाद्याचाच करतात. मी म्हणेन आधी माशाच्या अंगावरच्या किड्यांचं बघा.

समुद्रातल्या पिंजऱ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे नियोबेनेडेनिया, कातडीला चिकटणारा चपटा किडा, जेमतेम ५ मिलिमीटरचा आणि खाऱ्या पाण्यात इतका पारदर्शक की दिसतच नाही. मासा जाळ्याला अंग घासतोय, डोळे दुधाळ झालेत, असं दिसलं की ओळखायचं. मासा गोड्या पाण्याच्या टबात ५-१० मिनिटं ठेवला की हेच किडे पांढरे पडतात नि तळाशी गळतात, तेव्हा कळतं केवढे होते ते. पण अंडी यात मरत नाहीत. त्यांना चिवट दोरे असतात, ती जाळ्यात गुंतून बसतात, म्हणून जाळंही बदलायचं आणि काही दिवसांनी परत डिप द्यायचा, म्हणजे मासा गोड्या पाण्यात बुडवायचा. शिवाय समुद्री उवा आहेतच. हे नाशिकहून फोनवर होत नाही, तिथे भरवशाचा माणूस लागतो.

शेततळ्यात हे सगळं टळतं, कारण जिताडा गोड्या पाण्यात मस्त वाढतो आणि समुद्री किडे तिथे जगत नाहीत (कोबिया या समुद्री माशाला गोडं पाणी जमत नाही, तो नाद सोडा). पण गोड्या पाण्याचे किडे वेगळे. आर्ग्युलस ही माशाची ऊ, साध्या डोळ्यांनी फिरताना दिसते. आणि थंडीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. निफाडला पारा १० च्या खाली जातो, जिताडा तर पाणी २० अंशांखाली गेलं की खाणंच कमी करतो, अशक्त माशावर मग रोग चढतोच. तेव्हा मोरचूद (कॉपर सल्फेट) घरात आहे म्हणून अंदाजाने तळ्यात ओतू नका, हलक्या (कमी क्षारांच्या) पाण्यात त्यातलं तांबं माशालाच मारतं.

माझं मत, शेततळंच बरं, पण बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) जरा मोठी झालेली आणा, मार्चमध्ये सोडा, डिसेंबर उजाडायच्या आत काढून विका. पिंजऱ्यातच जायचं असेल तर पैसे देण्याआधी त्यांना विचारा, जादा जाळी किती आहेत आणि डिपसाठी गोडं पाणी बोटीवर कसं नेता?