डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती : आठ महिन्यांचे नियम आणि निवाडे

गेल्या दिवाळीपासून दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण धुळ्यात देवपूरला एका मित्राच्या घरी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे घेऊन, फासे टाकून कथा रचण्याच्या खेळाची २०१४ साली आलेली पाचवी आवृत्ती खेळत आहोत, आणि गेम मास्टरची, म्हणजे कथा चालवून नियमांचा निवाडा देण्याची, जबाबदारी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. पुस्तकातील चित्रे आणि छपाई उत्तम आहेत, एवढे सांगून मी थेट नियमांकडे वळतो, कारण आमच्या टेबलावर आनंद आणि वाद दोन्ही तेथूनच आले.

या आवृत्तीतील सर्वांत स्वच्छ नियम ॲडव्हान्टेजचा आहे. परिस्थिती बाजूने असेल तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, विरुद्ध असेल तर लहान. आणि दोन्ही प्रकारची कारणे एकत्र आली, तर ती कितीही असोत, एकमेकांना खोडतात व फासा एकदाच पडतो. नव्या खेळाडूला हे दोन मिनिटांत समजते. तरीही आमचा पहिला मोठा वाद याच नियमावर झाला. दाट धुक्यात तीरंदाजाला लक्ष्य दिसत नव्हते, ही त्याची अडचण. पण लक्ष्यालाही तीरंदाज दिसत नव्हता, हा त्याचा फायदा. दोन्ही खोडले गेले, आणि लांब पल्ल्याची अडचणही त्यांच्याबरोबर गेली, म्हणजे स्वच्छ उजेडात जो बाण मारणे कठीण होते तो धुक्यात सोपा झाला. अमळनेरचा आमचा मित्र म्हणाला, “पुस्तकमा लिखेल शे, पन तुले पटस का भाऊ?” मला पटत नव्हते. नियम संदिग्ध असणे आणि नियम स्पष्ट असूनही त्याचा परिणाम अविश्वसनीय असणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. दुसऱ्या अडचणीवर पुस्तक पुन्हा वाचून काहीच मिळत नाही. तेथे निवाडाच द्यावा लागतो. आमच्याकडे आता ज्याला लक्ष्य दिसत नाही त्याची अडचण काही केल्या खोडली जात नाही.

मराठीत खेळणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, आणि तिच्याविषयी मला कोणी आधी सावध केले असते तर बरे झाले असते. पुस्तकात ‘मेली वेपन अटॅक’ आणि ‘अटॅक विथ अ मेली वेपन’ या दोन शब्दप्रयोगांत फरक आहे (‘मेली’ म्हणजे जवळून, हातघाईचे). रिकाम्या हाताचा ठोसा पहिल्यात बसतो, दुसऱ्यात बसत नाही, कारण मूठ हे शस्त्र मानलेले नाही. म्हणून मंक (हातापायांनी लढण्यात तरबेज पात्र) ठोशाने शत्रूला सुन्न करू शकतो, पण ‘रोग’ला (चोराच्या धाटणीच्या पात्राला) ठोशावर स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेला जादा इजेचा वार, मिळत नाही, कारण त्यासाठी ठरावीक प्रकारचे शस्त्रच वापरावे लागते. मी टेबलावर नियम मराठीत समजावून सांगत असे, आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडून ‘जवळून केलेला शस्त्राचा वार’ एवढेच बाहेर पडत असे. एका खेळाडूने तीन रविवार या चुकीच्या समजुतीवर आपल्या पात्राची आखणी केली होती. दोष त्याचा नव्हता. तेव्हापासून नियमांतील असे शब्द मी भाषांतर न करता जसेच्या तसे उच्चारतो आणि अर्थ तेवढा मराठीत सांगतो.

खरी पोकळी मात्र अवघडपणाचा आकडा, म्हणजे काम साधण्यासाठी फासा टाकून किमान गाठायचा आकडा, ठरवण्यात आहे. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, कठीणला २० असा तक्ता पुस्तक देते, परंतु कोणते काम कोठे बसते हे बहुतांशी गेम मास्टरवर सोडते. माझ्या कथेतील किल्ला मी धुळ्याजवळच्या लळिंगवर बेतला होता. त्याचा एकच तट चढायला मी डिसेंबरात १५ आणि फेब्रुवारीत २० सांगितले, आणि खेळाडूंनी ते बरोबर लक्षात ठेवले होते. लपण्याच्या नियमातही हेच होते. २०२४ च्या सुधारित पुस्तकात लपण्यासाठी किमान १५ असा नेमका आकडा आला, तो आम्ही उचलला. पण लपलेला मनुष्य आडोसा सोडून पहारेकऱ्यासमोर आला तर काय, यावर पुन्हा दोन मते पडली.

सुरुवातीला आम्ही प्रत्येक वादावर खेळ थांबवून पाने उलटत होतो आणि रविवारची दुपार त्यात संपत होती. आता मी जागेवर निवाडा देतो, एक जण तो कारणासह दोनशे पानी वहीत लिहितो, आणि खेळ संपल्यावर चहा घेताना आम्ही पुस्तक उघडतो. निवाडा चुकला असेल तर तो पुढच्या रविवारपासून बदलतो, झालेला डाव उलटत नाही. आमच्यातील एक मित्र दिवाणी न्यायालयात वकिली करतो. पायंडा लेखी असला की न्यायाधीश बदलला तरी पक्षकाराला अंदाज बांधता येतो, हे त्याचे म्हणणे मला पूर्ण पटले. तटाचा आकडा आता वहीत १५ असा नोंदलेला आहे, आणि पाऊस असेल तर २०.

ज्यांना आधी नियम तपासून पाहायचे असतील त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झालेला मूलभूत नियमांचा संच विनामूल्य उतरवून घ्यावा. वर सांगितलेला धुक्याचा प्रश्न त्यातही जसाच्या तसा सापडेल. आम्ही हीच आवृत्ती पुढे खेळणार आहोत. पहारेकऱ्यासमोर आलेल्या चोराची नोंद वहीत अजून पेन्सिलीनेच आहे.