फोल्डस्कोप: निपाणीच्या वर्गातील कागदी सूक्ष्मदर्शक

निपाणी परिसरातील मराठी माध्यमाच्या सातवीच्या वर्गात फोल्डस्कोप वापरून पाहिल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. घड्या घालून जोडायचा हा सूक्ष्मदर्शक स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी विकसित केला. त्यावरील शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते. जोडणीतच एक तासिका जाते, पण ती वाया जात नाही, कारण भिंग कुठे बसते आणि पट्टी सरकवली की काय हलते, हे मुलांना आपल्या हातांनीच कळते.

हिरवा तंबाखू हाताळला की हात चिकट होऊन काळवंडतात, हे इथल्या मुलांना घरूनच ठाऊक असते. ‘हा चिकटा येतो कुठून?’ असे एका मुलीने विचारल्यावर उत्तर न सांगता पानाच्या कडेचा तुकडा काचपट्टीवर ठेवायला लावला. पानावरच्या बारीक केसांच्या टोकांवरच्या गोल गाठी आणि त्यांवर चकाकणारे थेंब दिसताच पुढचे प्रश्न मुलांनीच काढले: कोवळ्या पानावर केस जास्त असतात का, आणि पान धुतले तर चिकटा पुन्हा येतो का? कांद्याच्या पापुद्र्याने मात्र वेगळेच उघड केले. आयोडीन न लावता पाहिलेल्या पेशींत केंद्रक स्पष्ट दिसत नव्हते, तरी बहुतेक वह्यांत ते ठळक काढलेले होते, अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखे! ‘हे तुला दिसले का?’ एवढे विचारताच वर्गात खरा वाद सुरू झाला.

चुंबकाने मोबाइल जोडता येतो. तरीही आधी डोळ्याने पाहणे, मग चित्र काढणे आणि शेवटी मोबाइल, असाच क्रम ठेवावा. नाहीतर पहिला मुलगा जे ओरडून सांगतो, तेच बाकीच्यांना दिसू लागते.

मर्यादाही आहेत. दह्यातील जिवाणू पाहण्याच्या आशेने बसलेल्या मुलांचा विरस होतो. पावसाळ्यात खिडकीचा उजेड अपुरा पडतो, तेव्हा बॅटरी लागते. सूर्याकडे रोखून तर कधीच पाहू देऊ नये. चार-पाच मुलांत एक संच पुरतो. पाचवीखालच्या वर्गांसाठी साधे हातभिंगच घ्यावे, कारण एक डोळा मिटून पट्टी बेताने सरकवणे त्या वयात सहसा जमत नाही.