दोन मऊ डान्स पॅड जोडून आठ महिने: मधल्या पट्टीचा हिशेब चुकला

डान्स पॅड म्हणजे गाण्याच्या तालावर चार बाणांवर पाय देऊन व्हिडिओ गेम खेळायची चटई. एकट्याने दोन पॅडच्या आठही बाणांवर खेळायचं, म्हणजे डबल, यासाठी मी दोन पॅड जोडले. तिसऱ्या महिन्यात डाव्या पॅडचा उजवा बाण गेला. एका झटक्यात नाही. आधी दहातलं एखादं पाऊल चुकायचं, मग टाचेने दाबलं तर लागायचं आणि चवड्याने लागायचं नाही, आणि आठवडाभरात पूर्ण बंद. बाकीचे सात बाण ठणठणीत. बंद पडलेला बाण नेमका मधल्या जोडाला लागून, त्यामुळे दोष पॅडचा की जोडणीचा हे शोधणं भाग होतं. जोडणीचाच निघाला. पॅड अगदी साधे, पातळ, घडी घालून ठेवायचे आहेत, पण या एका गोष्टीत त्यांना बोल लावता येणार नाही.

पॅडची रचना सगळ्यांना माहीत आहेच: वर व्हिनाइल, खाली दोन प्लास्टिकचे कागद, त्यांच्यावर वीजवाहक शाईच्या रेषा आणि मधे भोकं पाडलेला पातळ फोम. पाय पडला की फोमच्या भोकातून दोन्ही कागद टेकतात. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. या रेषा बाणांपासून निघून पॅडच्या कडेकडेने वरच्या बाजूला सर्किटच्या डबीपर्यंत जातात. म्हणजे कडेची तीन सेंटीमीटरची रिकामी दिसणारी पट्टी अजिबात रिकामी नसते.

आणि मी सगळं लक्ष घातलं होतं ते याच पट्टीवर. पॅड ८१ सेंटीमीटर रुंद, दोन्ही बाजूंना ३-३ सेंटीमीटरची कड, मधे २५-२५ चे तीन घर. एका पॅडवर मधल्या घरापासून बाणापर्यंतचं अंतर २५. दोन पॅड नुसते शेजारी ठेवले तर डाव्याचा उजवा बाण आणि उजव्याचा डावा बाण यांच्यामधे दोन कडा मिळून ६ सेंटीमीटर येतात आणि केंद्र ते केंद्र अंतर ३१ होतं. एक कड दुसरीवर चढवली तर २८. दोन्ही कडा खाली दुमडल्या तर थेट २५, सगळीकडे एकच पाऊल. कागदावर हे इतकं देखणं दिसतं की पहिल्या जोडणीत दोन्ही कडा दुमडल्या आणि वरून रुंद कापडी टेप मारला.

दुमडलेल्या कडेवर रोज शेकडो वेळा पाय पडला की शाईची रेष घडीवर तडकते. बाहेरून काही दिसत नाही. खात्री करायला डबीचे स्क्रू काढा. आत प्लास्टिकच्या कागदाची शेपटी रबराच्या पट्टीने सर्किटवर दाबून बसवलेली असते. मल्टिमीटरची एक सुई सगळ्या बाणांच्या सामाईक रेषेवर आणि दुसरी त्या बाणाच्या रेषेवर टेकवा, दुसऱ्या कुणाला बाणावर उभं करा. शेजारच्या चांगल्या बाणाला जो आकडा येतो तसाच साधारण यायला हवा. काहीच आला नाही तर रेष तुटली. आकडा नीट येतोय आणि तरी खेळात बाण लागत नाही, तर शेपटी सर्किटवर नीट टेकत नाहीये: सर्किटचे तांब्याचे ठिपके खोडरबराने पुसा, शेपटी मात्र फक्त कोरड्या मऊ कापडाने. शेपटीवर खोडरबर चालवला तर शाईच निघून येईल.

तुटलेली रेष दुरुस्त होते, पॅड टाकून देऊ नका. घडीच्या जागी कडेची शिवण वीसेक सेंटीमीटर उसवायची, कागद सपाट करायचा आणि तडकलेल्या जागेवर तांब्याची चिकट पट्टी लावायची. सोल्डर अजिबात नको, प्लास्टिक क्षणात वितळतं. तांब्याच्या साध्या पट्टीचा गोंद वीज नेत नाही, तेव्हा पट्टीची दोन्ही टोकं अर्धा सेंटीमीटर उलटी दुमडायची, म्हणजे उघडं तांबं शाईवर टेकतं. वरून पारदर्शक टेपने घट्ट दाबायचं. शेजारच्या रेषेला पट्टी लागली तर दोन बाण एकदम लागू लागतात, म्हणून ती रेषेइतकीच अरुंद कापायची. अशी दुरुस्त केलेली रेष पाच महिने चालू आहे, एकदाही पुन्हा उघडावी लागली नाही. इतकं टिकेल असं वाटलं नव्हतं.

आता वरच्या टेपबद्दल. पहिले दोन आठवडे मी हाच टेप सगळ्यांना सुचवत होतो. तो सल्ला मागे घेतो. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते हळूहळू वर येतं आणि टेपचा गोंद पातळ करतं. महिन्याभरात टेपची कड गुंडाळली जाते, मोजे चिकटतात, आणि डबल खेळताना उजवीकडे झेप घ्यायच्या ऐन क्षणी पाय अडकतो. चिकट वेल्क्रोचंही तेच: वेल्क्रो वेल्क्रोला धरून राहतं, पण पाठीमागचा गोंद व्हिनाइल सोडतो. दुसऱ्या जोडणीत एकावर एक कड आणि मधे वेल्क्रो असं करून पाहिलं, महिनाभरही टिकलं नाही.

तिसरी जोडणी चार महिन्यांपासून जशीच्या तशी आहे. तिच्यात गोंद कुठेच नाही.

खाली १२ मिलिमीटरचा प्लायवूड, १६५ बाय ९९ सेंटीमीटर. आठ बाय चार फुटांच्या एका पूर्ण तुकड्यातून तो निघतो. एक कड दुसरीवर चढवल्यावर दोन पॅड १५९ बाय ९३ होतात, म्हणजे चारी बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर प्लाय उघडा राहतो. कुठली कड वर घ्यायची हे अंदाजाने ठरवू नका. पॅड उजेडासमोर धरा किंवा कडेवर बोट फिरवा. ज्या कडेतून रेषा जातात ती खाली, प्लायवर सपाट. जिच्यात रेषा नाहीत किंवा कमी आहेत ती वर, कारण वाकावं लागतं ते वरच्या कडेला.

मग शिवण. पॅडच्या कडेला कापडी गोट असेल तर वाकडी सुई आणि सोफ्याच्या गादीला वापरतात तो नायलॉनचा दोरा घेऊन गोटाला गोट शिवायचा, दर दोन सेंटीमीटरला एक टाका. ९३ सेंटीमीटरला सेहेचाळीस-सत्तेचाळीस टाके होतात, दीड तास लागतो. सुई फक्त गोटातूनच गेली पाहिजे. आतल्या कागदात शिरली तर रेष गेलीच समजा. चढवलेल्या गोटाचा चारेक मिलिमीटरचा उंचवटा तळव्याला टोचतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पॅडखाली दोन मिलिमीटर फोमची तीन सेंटीमीटर रुंद पट्टी सरकवली की उतार होतो आणि टोचणं थांबतं. गोट नसून कड वितळवून चिकटवलेली असेल तर शिवता येत नाही. तिथे टेप वरून न मारता खालून मारायचा आणि दर दोन महिन्यांनी बदलायचा, दुसरा मार्ग सापडलेला नाही.

बाहेरच्या कडांना २० बाय ३ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी, तिचा जेमतेम एक सेंटीमीटर पॅडवर आणि बाकीची चार मिलिमीटर जाड लाकडी पट्टीवर टेकवून. स्क्रू १६ मिलिमीटरचे, पॅडच्या बाहेरून, लाकडी पट्टीतून प्लायमधे. याहून लांब घेतले तर खालून टोक बाहेर येऊन फरशी ओरखडते. वरच्या बाजूला डबीसमोर १५ सेंटीमीटर जागा पट्टीशिवाय मोकळी ठेवा, नाहीतर शेपटी दाबली जाते. पॅड ताणायचा तो फक्त सुरकुती जाईपर्यंत. जास्त ताणला तर आतला फोम चपटा होतो आणि पाय नसतानाही बाण दाबलेलाच राहतो. मधल्या जोडात स्क्रू घालायचा मोह होईल. तो टाळा, पूर्ण वजनाने उडी पडते ती तिथेच.

खेळाच्या बाजूने फार काही नाही, पण चार ठिकाणी हमखास गडबड होते. दोन्ही पॅड एकाच मॉडेलचे घ्या; वेगळे असले तर जाडीही जुळत नाही आणि बाण लागायला होणारा उशीरही. जुन्या कन्सोलचा पॅड अडॅप्टरमधून लावत असाल तर डावा आणि उजवा बाण एकदम दाबून पाहा. काही अडॅप्टर बाणांना जॉयस्टिकची दिशा समजतात, मग डावा अधिक उजवा म्हणजे शून्य आणि दोन्ही पायांची उडी कोरडी जाते. चारही बाण वेगवेगळी बटणं म्हणून दिसले पाहिजेत. आणि स्टेपमेनियात, म्हणजे हा खेळ कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधे, दोन सारखे यूएसबी पॅड नुसते पहिला आणि दुसरा म्हणून ओळखले जातात. पोर्ट बदलले की डावा-उजवा अदलाबदल होऊ शकतो, म्हणून वायरींवर खूण करून तेच पोर्ट कायम ठेवा. कोपऱ्यातली फुली आणि गोल ही बटणं मधल्या बाजूला मॅपिंगमधून, म्हणजे कुठलं बटण काय करतं त्या यादीतून, काढूनच टाका. डबलमधे एका पॅडवरून दुसऱ्यावर जाताना पाय नेमका त्याच कोपऱ्यावर पडतो आणि ऐन रंगात आलेलं गाणं बंद होतं.

राहिला तो २५ चा प्रश्न. आता मधलं अंतर २८ आहे. पहिला आठवडाभर उजवीकडे जाताना बाण तीन सेंटीमीटर अलीकडे दाबला जात होता आणि चवडा कडेवर पडत होता. दुसऱ्या आठवड्यात पायांना अंदाज आला. मग मुद्दाम दोन पॅड कडा न चढवता, ३१ वर, घट्ट बसवून पाहिले. त्याचीही सवय झाली, फक्त अवघडपणाच्या आठ आकड्यावरच्या गाण्यांत लांब झेपेला दम लागतो. सवय होत नाही ती सरकणाऱ्या पॅडची. वेल्क्रोच्या काळात एका गाण्यात मधला जोड दीड सेंटीमीटर उघडायचा, आणि दर गाण्याला वेगळा. पहिले तीन महिने ज्या अंतरासाठी कडा दुमडल्या, रेष तोडली, त्या अंतराचा खेळाशी फारसा संबंधच नव्हता.

महिन्यातून एकदा मल्टिमीटरने मधले दोन बाण तपासतो आणि शिवणीवर बोट फिरवतो. एक टाका सैल झाला होता, वरून तिसरा, डबीच्या बाजूचा. तेवढाच पुन्हा घातला. प्लायचा पाट उभा ठेवायचा तर लांब बाजू जमिनीवर आणि डब्या वर. डब्या खाली आल्या तर सगळा भार शेपटीवर येतो.