वदरिंग हाइट्स : प्रेमाच्या नावाखाली केलेली वसुली

सोलापुरात मे महिन्याचा पारा ४२ अंशांवर गेलेला असताना इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या माळावरील बोचऱ्या वाऱ्याची कादंबरी वाचायला घेणे हा खरे तर उन्हाळ्यावर शोधलेला उपाय होता. वाचनालयातून आणलेल्या इंग्रजी प्रतीच्या मुखपृष्ठावर एकमेकांच्या मिठीत विसावलेले जोडपे आहे, आणि या पुस्तकाविषयी इतके दिशाभूल करणारे चित्र दुसरे नसेल. एमिली ब्राँटे यांची ही एकमेव कादंबरी १८४७ मध्ये एलिस बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी वयाच्या ३० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेला अनाथ हीथक्लिफ आणि त्या घरची मुलगी कॅथरीन यांच्या ओढीची ही कथा आहे. हीथक्लिफशी लग्न केले तर आपली पत जाईल, असे कॅथरीन नेली या मोलकरणीला सांगते. तेवढेच ऐकून हीथक्लिफ आडोशामागून उठून निघून जातो आणि ‘मीच हीथक्लिफ आहे’ हे तिचे पुढचे वाक्य त्याच्या कानी पडतच नाही. तो गेल्याचे नेलीला दिसते, पण ती वेळेवर बोलत नाही. जवळजवळ संपूर्ण कथा आपण याच नेलीच्या तोंडून ऐकतो, हे ध्यानात आल्यावर मी मागची कित्येक पाने संशयाने पुन्हा चाळली.

कॅथरीन दुसऱ्याशी लग्न करते आणि निम्म्या पुस्तकातच मरते. १९३९ च्या हॉलिवूडपटाने पुढची पिढी सरळ गाळून टाकली. माझ्या मते मात्र कादंबरीचा कस उत्तरार्धातच लागतो. हीथक्लिफचे प्रेम आता गहाणखतांतून आणि वारसाहक्कांतून बोलू लागते : कॅथरीनचा जुगारी भाऊ हिंडली याचे घर तो गिळतो, त्याच्या मुलाला, हेअरटनला, निरक्षर ठेवून त्याच्याच वाड्यात राबवतो आणि कॅथरीनच्या मुलीला डांबून आपल्या मरणासन्न मुलाशी तिचे लग्न लावतो. भाऊबंदकीच्या जमिनीचे दावे पाहिलेल्या आपल्याकडच्या वाचकाला हा भाग मुळीच परका वाटणार नाही. कॅथरीनची शवपेटी उघडणारा हा माणूस करुण आहे, क्रूरही आहे, आणि लेखिका त्याला माफही करत नाही, झिडकारतही नाही.

दोष आहेत. तीच ती नावे दोन पिढ्यांत फिरत राहतात, त्यामुळे वंशावळ कागदावर काढून ठेवावी लागते. जोसेफ या म्हाताऱ्या नोकराची यॉर्कशरी बोली तर डोळ्यांना दाद देत नाही. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या सोलापूरकराने त्याचे संवाद सरळ मोठ्याने वाचावेत, निम्मे तरी कानाला उलगडतात.