स्लमबॉट: पोकरच्या सरावाला फुकट आणि कडक प्रतिस्पर्धी

पैसे लावून ऑनलाइन खेळणं २०२५च्या कायद्याने बंद झालं, तरी ठाण्या-वाशीत पोकर मनापासून शिकणाऱ्यांनी सराव सोडायचं कारण नाही. ब्राउझरमध्ये चालणारा स्लमबॉट हा पोकर खेळणारा संगणक-प्रोग्राम फुकट आहे. २०१८च्या संगणक-पोकर स्पर्धेत दोघांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये (पैजेला मर्यादा नसलेला पोकरचा प्रकार) तोच पहिला आला होता.

ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी लावायची सक्तीची रक्कम) ५०/१००, दोघांकडे प्रत्येकी २०,००० चिप्स, आणि दर डावाला हा साठा, म्हणजे स्टॅक, पुन्हा तेवढाच. म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या २०० पट, खूप खोल स्टॅक. गफलत इथेच होते: नुसत्या टॉप पेअरवर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी जुळलेली जोडी) ऑल-इन गेलात, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्यात, तर कॉल करणारा, म्हणजे तेवढीच रक्कम लावून टिकणारा, बहुतेक वेळा पुढेच असतो.

बॉट चिडत नाही, घाबरत नाही. दरडावणीचा ब्लफ (कमजोर पत्त्यांवर लावलेली मोठी पैज) त्याच्यापुढे वाया जातो, हिशेबाचा चालतो. पॉट (मध्ये जमलेली रक्कम) ६०० असताना ३०० लावले, तर तीनात एकदा त्याने फोल्ड केलं, म्हणजे डाव सोडला, की ना नफा ना तोटा. त्याने पॉटइतकी बेट लावली तर कॉल परवडायला जिंकण्याची ३३ टक्के संधी हवी. पण फ्लॉपवरचा (टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यावरचा) फ्लश ड्रॉ, म्हणजे एकाच चिन्हाचे पाच पत्ते व्हायला एक कमी, पुढच्या पत्त्यावर साधारण १९ टक्केच लागतो.

चूक कुठे झाली हे तो समजावत नाही, ही मोठी उणीव. अवघड डाव वहीत उतरवून नंतर तपासा. सहा जणांच्या टेबलाची तयारी मात्र इथे होणार नाही.