बॅडमिंटन पुन्हा सुरू करावं की पिकलबॉलला जावं?

पिकलबॉलचं कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असतं. बॅडमिंटनचं डबल्सचं कोर्टही तेवढंच, आणि हा योगायोग नाही. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी घरातल्या कंटाळलेल्या मंडळींसाठी काहीतरी खेळ जुळवायला घेतला. तिथे जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं, पण साहित्य धड सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅट आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन सुरुवात झाली. नेट आधी बॅडमिंटनच्या उंचीवर होतं. चेंडू टप्पा घेऊन चांगला वर येतोय हे लक्षात आल्यावर ते ३६ इंचांवर उतरवलं. पुढे बार्नी मॅकॅलम या मित्राच्या मदतीने नियम बसवले गेले.

बॅडमिंटनचं नातं तर थेट आपल्या पुण्याशी आहे. १८७० च्या दशकात पुण्यातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांमध्ये हा खेळ इतका रुळला होता की त्याला ‘पूना’ असंच म्हणत. म्हणजे दोन्ही खेळ एकाच घरातले. तरीही खेळायला लागलात की ते फार वेगळे वाटतात, आणि कुठला निवडायचा हा प्रश्न मला हल्ली सारखा ऐकू येतो. विचारणारे बहुतेक एकाच वळणाचे: शाळा-कॉलेजात बॅडमिंटन खेळलेले, मधे नोकरी-संसारात ते सुटलं, आता चाळिशी-पन्नाशीत पुन्हा काहीतरी धरायचंय.

मी दोन्ही खेळते, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. ठरलेले चार भिडू असतील, जवळ हॉल असेल आणि खांदे-गुडघे तक्रार करत नसतील, तर बॅडमिंटनला तोड नाही. एकटेच जाणार असाल, किंवा मुलगी, नवरा आणि सासूबाई अशा सगळ्यांना घेऊन खेळायचं असेल, तर पिकलबॉल. बाकी सगळे मुद्दे या दोन वाक्यांच्या पोटात येतात.

शरीराचा हिशेब

बॅडमिंटनचं नेट मधोमध ५ फूट उंच. शटलला टप्पा नाही, त्यामुळे जे येईल ते हवेतच घ्यायचं, आणि त्यातलं बरंचसं डोक्यावरून. आपला डबल्सपटू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या स्मॅशची नोंद ताशी ५६५ किलोमीटर आहे. आपण त्याच्या जवळपासही जात नाही, पण खांद्याची हालचाल तीच करतो. शिवाय पुढे झेप, लगेच मागे धाव, पुन्हा पुढे. वीस मिनिटांत घाम निथळतो. ज्यांना तासाभरात अंग पिळून निघायला हवं असतं, त्यांना पिकलबॉलचं डबल्स सुरुवातीला मिळमिळीत वाटू शकतं.

पिकलबॉलचं नेट मधोमध ३४ इंच, साधारण कमरेएवढं. सर्व्हिस खालूनच करायची आणि बरेचसे फटके गुडघा ते कंबर या पट्ट्यात. खांदा दुखावलेल्या कितीतरी जणांना यामुळे पुन्हा खेळता येतं. पण ‘हा म्हाताऱ्यांचा खेळ, यात काही होत नाही’ या भरवशावर जाऊ नका. डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच उचललेला चेंडू, आला की नवखा माणूस चेंडूकडे बघत उलटा मागे पळतो आणि पडतो. मनगट मोडतं ते इथेच. लॉब आला की आधी अंग वळवायचं, मग पळायचं, आणि पोचता येत नसेल तर तो गुण सोडून द्यायचा. दोन्ही खेळांत पोटरी आणि टाचेची शीर आधी गरम करून घ्या. धावायचे बूट दोन्हीकडे वाईट, कारण ते सरळ धावण्यासाठी असतात आणि इथे सगळी हालचाल आडवी.

शिकायला सोपं, खेळायला नाही

बॅडमिंटनमध्ये मागच्या रेषेवरून समोरच्या मागच्या रेषेपर्यंत शटल पोचवणं, हा साधा क्लिअरसुद्धा नीट जमायला काही महिने जातात. पिकलबॉलमध्ये पहिल्या तासात रॅली सुरू होते. पॅडल, म्हणजे पिकलबॉलची बॅट, आखूड, चेंडू संथ, आणि चौघांत कोर्ट वाटलं की धावायला थोडंच. त्याची लोकप्रियता एवढी झपाट्याने वाढली त्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं: पहिल्याच दिवशी माणूस खेळून घरी जातो, नुसतं शिकून नाही.

खरी परीक्षा पुढे असते, ती किचनमध्ये. नेटच्या दोन्ही बाजूंना ७ फुटांचा जो पट्टा असतो त्याला किचन म्हणतात. त्यात किंवा त्याच्या रेषेवर पाय असताना चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. टप्पा पडू द्यावा लागतो. बॅडमिंटनवाल्याची सवय नेमकी उलट असते. नेटजवळ काही तरंगताना दिसलं की झेप घेऊन मारायचं. चेंडू वर आलाय, तुम्ही बाहेर उभं राहून कडक मारलात, समोरच्याला हात लावता आला नाही, पार्टनर ‘वा!’ म्हणाला, आणि मारल्याच्या झोकात तुमचा चवडा रेषेवर गेला. रॅली तुम्ही हरलात. फटका हवेत घेतला की त्याच्या झोकाने आत गेलात तरी फॉल्टच, मग तोवर रॅली संपलेली का असेना. ही सवय मोडायला वेळ लागतो, पण ती मोडली की खेळ उलगडतो.

दुसरी अडचण दोन टप्प्यांच्या नियमाची. सर्व्हिस टप्प्यानंतर घ्यायची आणि तिचा परतावाही सर्व्हिस करणाऱ्यांनी टप्प्यानंतरच घ्यायचा. त्यामुळे सर्व्हिस करणारी जोडी मागे अडकते आणि समोरची जोडी तोवर किचनच्या रेषेला येऊन उभी राहते. अशा वेळी तिसरा फटका जोरात मारला तर तो आयताच त्यांच्या हातात जातो. तो अलगद, नेटवरून जेमतेम जाऊन त्यांच्या किचनमध्ये पडेल असा टाकायचा आणि आपण पुढे सरकायचं. बॅडमिंटनमधला ड्रॉप, म्हणजे नेटलगत अलगद टाकलेला फटका, ज्याच्या हातात आहे त्याला हा लवकर येतो. नेटजवळ चौघेही आले की मग डिंक, म्हणजे एकमेकांच्या किचनमध्ये मऊ चेंडू टाकत राहायचं आणि कुणाचा तरी चेंडू उंच जाण्याची वाट बघायची. यात घाई करणारा हरतो. डबल्समध्ये नेटवर उभं राहून ड्राइव्ह, म्हणजे सपाट वेगवान फटके, अडवायची सवय असलेले बॅडमिंटनपटू इथे चटकन पुढे जातात. मात्र पॅडल मागे ओढायची खोड सोडून ते छातीसमोर धरायला हवं. आणि छातीच्या वर, जोरात येणारा चेंडू सोडून द्या. बहुतेक वेळा तो बाहेर जातो.

गुण मोजणं बॅडमिंटनमध्ये सरळ आहे: प्रत्येक रॅलीला गुण, २१ चा गेम. पिकलबॉलमध्ये पारंपरिक पद्धतीत गेम ११ चा, दोन गुणांच्या फरकाने, आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच. डबल्समध्ये सर्व्हिसच्या आधी तीन आकडे मोठ्याने सांगायचे: आपले गुण, त्यांचे गुण आणि सर्व्हिस करणारा आपल्या जोडीतला पहिला की दुसरा. सुरुवात ‘शून्य-शून्य-दोन’ अशी होते, कारण पहिल्या डावात सुरुवात करणाऱ्या जोडीला एकच सर्व्हर मिळतो आणि तो ‘दुसरा’ धरला जातो. आठवडाभर गोंधळ होईल, मग तोंडात बसेल.

सोबत आणि रीतभात

माझ्या लेखी निर्णय इथे होतो. आपल्याकडे बॅडमिंटन चालतं ते ग्रुपवर. सकाळी सहाचा स्लॉट, ठरलेली माणसं, महिन्याची वर्गणी, शटलचा डबा आळीपाळीने. ही घडी बसली की वर्षानुवर्षं टिकते आणि त्यातून होणारी मैत्री घट्ट असते. पण बाहेरच्याला आत शिरणं अवघड. तुमचा खेळ त्यांच्या पातळीचा नसेल तर कुणी तोंडावर बोलत नाही, फक्त पुढच्या वेळी फोन येत नाही.

पिकलबॉलची बांधणीच अनोळखी माणसांना धरून झालेली आहे. बऱ्याच ठिकाणी ‘ओपन प्ले’ असतं. आलात की पॅडल रांगेत ठेवायचं, पुढच्या चार पॅडलांचे चार मालक कोर्टावर. गेम संपला की नेटपाशी येऊन पॅडलला पॅडल टेकवायचं, ‘छान झाला’ म्हणायचं आणि बाहेर यायचं. जिंकलो म्हणून कोर्ट अडवून बसायचं नाही. दिवसभरात बारा-पंधरा माणसांबरोबर खेळणं होतं. नव्या शहरात बदली झालेल्यांना किंवा नुकतंच निवृत्त झालेल्यांना याचं मोल विचारा.

अनोळखी लोक एकत्र खेळतात म्हणूनच तिथे रीतभात जास्त स्पष्ट लागते. आपल्या बाजूच्या रेषा आपण बघायच्या. चेंडू नीट दिसला नसेल तर तो आत धरायचा, आणि दोघा पार्टनरांचं एकमत नसेल तरी आतच. बघणाऱ्यांना विचारायचं नाही. किचनच्या रेषेवर आपला पाय पडला तर आपणच सांगायचं. शेजारच्या कोर्टाचा चेंडू आत आला की ‘बॉल!’ ओरडून खेळ थांबवायचा, कारण त्यावर पाय पडला तर घोटा गेलाच. रॅली चालू असताना कुणाच्या मागून चालत जायचं नाही. न विचारता शिकवायला जायचं नाही. आणि समोर एक तरबेज आणि एक नवखी अशी जोडी असेल, तर प्रत्येक चेंडू त्या नवखीवर मारून जिंकलेला गेम बाकीच्यांच्या लक्षात राहतो. पुढच्या वेळी कोण तुमच्या शेजारी आनंदाने उभं राहील, हे त्यावर ठरतं.

बॅडमिंटनचे संकेतही आहेत, पण ते मुरलेले असतात. शटल समोरच्याच्या हातात जाईल असं नेटवरून द्यायचं, पायाने ढकलायचं नाही. रॅकेटला निसटता स्पर्श झाला असेल तर कुणी विचारायच्या आत कबूल करायचं. नवीन शटल दोन्ही बाजूंच्या संमतीनेच काढायचं. नेटला लागून शटल पलीकडे पडलं तर ‘सॉरी’ म्हणून हात वर करायचा.

जागा, पाऊस, पैसे

पिकलबॉल आपल्याकडे आणला तो मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. कॅनडात हा खेळ पाहून त्यांनी तो इथे रुजवला आणि २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल संघटना उभी राहिली. बरीच वर्षं तो मोजक्या लोकांपुरता होता. अमेरिकेत खेळणाऱ्यांची संख्या २०२४ मध्ये जवळपास २ कोटींवर गेली, आणि २०२५ च्या सुरुवातीला मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली, त्यात पुण्याचाही संघ होता. लीग सुरू करणाऱ्यांत टेनिसपटू गौरव नाटेकर आहेत, म्हणजे परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आपले सांगलीचे नंदू नाटेकर, यांचे चिरंजीव. मला ही गोष्ट फार आवडते.

कोर्टं आता भराभर होताहेत, पण त्यातली बरीच उघडी आहेत. जून ते सप्टेंबर ती ओली असतात आणि रंगवलेला पृष्ठभाग ओला झाला की घसरतो. छप्पर आहे का, हे आधी विचारा. बॅडमिंटनचा हॉल पावसात निवांत चालतो. उघड्यावर मात्र वारा शटलला टिकू देत नाही. सोसायटीत पिकलबॉलचं कोर्ट आखायचा विचार असेल तर आवाजाचा विचार आधी करा. कडक पॅडलवर कडक चेंडूचा ‘टॉक टॉक’ आवाज खिडक्यांतून आत जातो, आणि अमेरिकेत त्यावरून शेजाऱ्यांचे मोठे वाद झालेत. वेळ ठरवून घेतलेली बरी.

खर्चात बॅडमिंटनचं दुखणं एकच: पिसांचं शटल. सोळा पिसांतलं एक मोडलं की ते डगमगतं, आणि जोरात खेळणारे असतील तर एका सकाळीत दोन-तीन सहज जातात. उन्हाळ्यात पिसं कोरडी पडून लवकर तुटतात, म्हणून जाणते लोक आदल्या दिवशी डब्याला वाफ देऊन ठेवतात. पिकलबॉलचा चेंडू तडा जाईपर्यंत चालतो. महागडी पॅडलही मिळतात, पण सुरुवातीला त्यांची गरज नाही.

आठवडाभरात दोन्हीकडे एकेक तास खेळून बघा. पिकलबॉलला गर्दीच्या वेळी, ओपन प्लेला जा, आणि बॅडमिंटनला ज्या ग्रुपमध्ये खरंच जागा आहे अशाच ग्रुपमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा आणि टाच काय म्हणतात ते तपासा. पॅडल आणि रॅकेट तोवर भाड्याचं किंवा कुणाचं तरी मागून घ्या, बूट मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचे आणि कोर्टाचेच हवेत.